ब्लूटूथ चिपच्या ड्रायव्हरमध्ये सिरियल पोर्टचा वेग कसा ठरवावा आणि कसा बसवावा

लिनक्स चालणाऱ्या एखाद्या छोट्या बोर्डाला ब्लूटूथ स्पीकर जोडला जातो, त्याचे नाव दिसते, पेअरिंगही होते, पण गाणे सुरू केले की आवाज दर दोन-तीन सेकंदांनी तुटतो. नवखा माणूस अशा वेळी अँटेनाला, स्पीकरला किंवा शेजारच्या वायफायला दोष देतो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा त्याच्या बराच अलीकडे, म्हणजे प्रोसेसर आणि ब्लूटूथ चिप यांना जोडणाऱ्या तारांवर असतो. अशा बोर्डांवर ब्लूटूथची चिप सहसा यूएसबीवर नसून सिरियल पोर्टवर, म्हणजे यूएआरटीवर बसवलेली असते, आणि त्या पोर्टचा वेग ड्रायव्हरने नीट ठरवला नसेल तर हवेतला दुवा कितीही चांगला असला तरी माहिती दारातच अडते. हा वेग कसा निवडावा, तो ड्रायव्हरपर्यंत कसा पोचवावा आणि बसला की नाही हे कसे पडताळावे, ते या लेखात क्रमाने दिले आहे. उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय आणि त्यावरील ब्रॉडकॉम घराण्याची चिप घेतली आहे. इतर चिपांत तपशील बदलतात, पण क्रम तोच राहतो.

एक सूचना आधीच द्यायला हवी. फाइलींतील नावे आणि आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत (मोठी अक्षरे लागतात तेथे तसे सांगितले आहे) आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात.

पहिली पायरी: किती वेग हवा याचा हिशेब

वेगाचा आकडा निवडण्याआधी गरज किती आहे ते कागदावर मांडावे. ब्लूटूथची सर्वांत सोपी सिरियल पद्धत, जिला एच४ म्हणतात, ती आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट अशी चालते. त्यात सुरुवातीचा स्टार्ट बिट धरला की एका बाइटसाठी तारेवर दहा बिट जातात, म्हणून बॉडच्या, म्हणजे तारेवर दर सेकंदाला जाणाऱ्या बिटांच्या, आकड्याला दहाने भागले की दर सेकंदाला किती बाइट जातील ते कळते. बहुतेक चिपा चालू होतात त्या ११५२०० बॉडवर. म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट, किंवा ९२१६० उपयोगी बिट. ब्लूटूथ स्पीकरला उत्तम प्रतीचा एसबीसी (ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवण्याची नेहमीची पद्धत) ध्वनी पाठवायला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट लागतात. येथेच गणित फसते: ११५२०० वर कीबोर्ड आणि माउस आनंदाने चालतात, तापमान मोजणारे छोटे सेन्सर चालतात, पण संगीत चालणे शक्यच नाही.

४६०८०० वर ३६८ किलोबिटांच्या आसपास जागा मिळते. आवाजाच्या ३२८ किलोबिटांवर प्रत्येक पॅकेटचे मथळे चढवले की हा वेग जेमतेम पुरतो, आणि दुसरे एखादे यंत्र त्याच वेळी जोडलेले असेल तर पुरत नाही. ९२१६०० वर ७३७ किलोबिट मिळतात, ते एका स्पीकरसाठी ऐसपैस आहेत. ३०००००० बॉडवर २४०० किलोबिट मिळतात. ब्लूटूथच्या जुन्या, क्लासिक पद्धतीत हवेतून एका दिशेने जास्तीत जास्त सुमारे २१७८ किलोबिटच जाऊ शकतात, त्यामुळे त्याहून वर जाण्यात सहसा काही हशील नसते. उत्पादकाने चार दशलक्ष बॉड चालतात असे लिहिले आहे म्हणून चारच दशलक्ष मागायचे, ही हौस नवख्याने टाळावी.

दुसरी पायरी: पोर्टला तो वेग जमतो का

पोर्ट कोणताही वेग हवा तसा काढू शकत नाही. त्याला एक मूळ क्लॉक दिलेले असते आणि त्या क्लॉकला एका भाजकाने भागून वेग मिळवला जातो. रास्पबेरी पायवरील मुख्य यूएआरटी, म्हणजे पीएल०११, याचे क्लॉक नेहमीच्या मांडणीत ४८ मेगाहर्ट्झ असते. त्याला आधी १६ ने भागायचे, म्हणजे ३०००००० उरतात, आणि मग भाजकाने. भाजक किमान १ असावा लागतो, म्हणून या क्लॉकवर ३०००००० हाच कमाल वेग, आणि तो अगदी तंतोतंत मिळतो. ९२१६०० साठी भाजक ३.२५५ हवा, पीएल०११ अपूर्णांक ६४ भागांत मोजते, त्यामुळे जवळचा ३.२५ घेतला जातो आणि प्रत्यक्ष वेग ९२३०७७ पडतो. फरक ०.१६ टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा.

आता दुसरा बोर्ड घ्या, ज्याच्या पोर्टला २४ मेगाहर्ट्झचे क्लॉक आहे आणि भाजक फक्त पूर्णांकात घेता येतो. तेथे ९२१६०० साठी भाजक १.६३ हवा, पण पोर्ट घेणार २, आणि प्रत्यक्ष वेग पडणार ७५००००. फरक साडेअठरा टक्क्यांहून जास्त. याच पोर्टवर १५००००० मात्र तंतोतंत मिळतो, कारण तेथे भाजक नेमका १ येतो. लहान आकडा म्हणजे सुरक्षित आकडा हा समज येथे उलटा पडतो, आणि कर्नल याबद्दल सहसा अवाक्षरही काढत नाही. मागितलेला आकडा तो मुकाट्याने नोंदवतो आणि तारेवर भलताच वेग जातो.

किती फरक चालतो? दहा बिटांच्या चौकटीत शेवटचा बिट वाचण्याची वेळ येईपर्यंत अर्ध्या बिटाहून जास्त घसरण झाली की चौकट तुटते, म्हणजे दोन्ही टोकांचा मिळून फरक तत्त्वतः पाच टक्क्यांच्या आसपास चालू शकतो. पण तारांवरील गोंगाट आणि कडांचा मंदपणा धरता मी दोन टक्क्यांच्या पुढे कधी जात नाही. डेटाशीटमधून क्लॉकचा आकडा काढून हा भागाकार हाताने करण्याची सवय लावावी. पाच मिनिटांचे काम आहे.

रास्पबेरी पायवर मिनी यूएआरटी नावाचे दुसरे पोर्टही असते आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा वेग प्रोसेसरच्या कोअर क्लॉकमधून निघतो. ते क्लॉक कामाच्या भारानुसार वरखाली होऊ लागले की सिरियलचा वेगही सोबत सरकतो: २५० मेगाहर्ट्झ धरून भाजक बसवला आणि क्लॉक ४०० वर गेले, तर वेग एकदम १.६ पट होतो आणि ब्लूटूथ गप्प बसते. म्हणून ब्लूटूथ मिनी यूएआरटीवर हलवायचेच असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये कोअर फ्रिक्वेन्सी एका आकड्यावर बांधून टाकावी लागते.

तिसरी पायरी: तारा मोजा

एच४ पद्धतीत पॅकेटची सुरुवात ओळखण्यासाठी एकच खुणेचा बाइट असतो: ०१ म्हणजे आज्ञा, ०२ म्हणजे डेटा, ०३ म्हणजे ध्वनी, ०४ म्हणजे चिपकडून आलेले उत्तर किंवा वार्ता. पुढे लांबी, मग मजकूर. तपासणीची बेरीज नाही, हरवलेले पुन्हा मागण्याची सोय नाही. मधला एक बाइट गळाला की पुढचा सगळा मजकूर एका घराने सरकतो, आणि ड्रायव्हर मजकुराच्या मधल्याच बाइटला पॅकेटची खूण समजून वाचू लागतो. म्हणून या पद्धतीत बाइट गळता कामाच नये, आणि ते काम आरटीएस आणि सीटीएस या दोन तारा करतात. समोरच्याची साठवण भरत आली की तो तारेवरून 'थांब' म्हणतो. या सोयीला फ्लो कंट्रोल म्हणतात.

ही गरज वेगासोबत वाढत जाते. ३०००००० बॉडवर दर ३.३ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. पोर्टच्या आतली साठवण १६ बाइटांची असेल तर ती ५३ मायक्रोसेकंदांत भरते. प्रोसेसर तेवढ्या वेळात वळून बघेलच याची खात्री लिनक्समध्ये कोणी देत नाही. त्यामुळे फक्त डेटाच्या दोनच तारा असतील तर वेग कमी ठेवणे हाच उपाय उरतो. रास्पबेरी पायच्या जुन्या प्रणालीत ब्लूटूथ चालू करणारी जी छोटी स्क्रिप्ट असे, तिच्यात हा सगळा व्यवहार तीन ओळींत दिसे: पीएल०११ वर चार पिना असतील तर ३०००००० आणि फ्लो कंट्रोल चालू, दोनच पिना असतील तर ९२१६०० आणि फ्लो कंट्रोल बंद, आणि ब्लूटूथ मिनी यूएआरटीवर असेल तर ४६०८००, तेही फ्लो कंट्रोलविना. आपल्या बोर्डासाठी आकडा निवडताना मला आजही हे तीन आकडे चांगली फूटपट्टी वाटतात.

बोर्डाच्या आकृतीत चार तारा दाखवल्या आहेत म्हणून त्या बोर्डावर आहेतच असे धरू नये. एका पुरवठादाराकडून आणलेल्या बोर्डावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. आकृतीत आरटीएस होता, ड्रायव्हरात फ्लो कंट्रोल चालू होते, ११५२०० वर सगळे सुरळीत आणि त्यावर गेले की पाच-दहा सेकंदांत कोलमडणे. शेवटी मल्टीमीटर लावला तेव्हा कळले की त्या तारेवरचा शून्य ओहमचा रेझिस्टर बसवलेलाच नव्हता. आता मी मल्टीमीटर आधी लावतो.

चौथी पायरी: ड्रायव्हर वेग कसा बदलतो

येथे थोडे थांबावे, कारण पुढचे बहुतेक घोटाळे हा क्रम न समजल्यामुळे होतात. सिरियल पोर्टवर 'आपण आता या वेगाने बोलू' असे आपोआप ठरत नाही. दोन्ही टोकांनी वेग बदलायचा असतो, आणि बदलायचा निरोप मात्र जुन्याच वेगाने द्यावा लागतो.

ब्रॉडकॉमच्या चिपेसाठी हे असे घडते. ड्रायव्हर पोर्ट ११५२०० वर उघडतो आणि रिसेटची आज्ञा पाठवतो: ०१ ०३ ०सी ००. चिप उत्तर देते: ०४ ०ई ०४ ०१ ०३ ०सी ००, ज्यातले शेवटचे ०० म्हणजे 'ठीक'. मग उत्पादकाची खास आज्ञा जाते, जिचा क्रमांक हेक्समध्ये एफसी१८ आहे. तीन दशलक्ष बॉड मागायचे असतील तर तारेवर हे दहा बाइट दिसतात: ०१ १८ एफसी ०६ ०० ०० सी० सी६ २डी ००. पहिला बाइट आज्ञेची खूण, पुढचे दोन आज्ञेचा क्रमांक, उलट्या क्रमाने. ०६ ही लांबी, दोन शून्ये रिकामी, आणि शेवटचे चार बाइट म्हणजे ३००००००, हेक्समध्ये आणि पुन्हा उलट्या क्रमाने. चिप 'ठीक' हे उत्तर जुन्या वेगाने देते आणि त्यानंतर स्वतःचा वेग बदलते. हे उत्तर मिळाल्यावरच ड्रायव्हरने आपल्या बाजूचा पोर्ट ३०००००० वर न्यायचा. आधी नेला तर उत्तर वाचता येणार नाही. न्यायचा राहिला तर पुढची प्रत्येक आज्ञा कालबाह्य होईल, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपेल.

यानंतर एक वळण येते, जे नवख्याला हमखास चकवते. वेग वाढवल्यावर ड्रायव्हर चिपमध्ये फर्मवेअरचा पॅच, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती, भरतो. ११५२०० वर ५० हजार बाइट भरायला चार सेकंदांहून जास्त लागतात, ३०००००० वर सेकंदाचा सहावा हिस्सा, म्हणून आधी वेग वाढवणे शहाणपणाचे. पण पॅच भरून चिप नव्याने सुरू झाली की ती पुन्हा ११५२०० वर येते. म्हणून लिनक्सचा ब्रॉडकॉम ड्रायव्हर पॅचनंतर आपला पोर्ट मुद्दाम खाली आणतो आणि वेग वाढवण्याचा सगळा विधी दुसऱ्यांदा करतो. लॉगमध्ये एफसी१८ दोनदा दिसली तर ती चूक नव्हे. आपण स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल तर ही दुसरी खेप विसरू नये.

इतर उत्पादकांच्या आज्ञा वेगळ्या आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आज्ञा एफएफ३६, तीत वेग चार बाइटांत जातो. क्वालकॉमची एफसी४८, तीत आकडा जातच नाही. प्रत्येक वेगाला एक बाइटाचा ठरीव संकेत असतो, त्यामुळे कोष्टकात नसलेला वेग मागताच येत नाही.

पाचवी पायरी: आकडा लिहायचा कुठे

पूर्वी ही कामे एचसीआयअटॅच नावाच्या आज्ञेने होत आणि वेग तिच्या ओळीतच लिहिला जाई. तिच्या जागी बीटीअटॅच आली. प्रयोगासाठी ती अजूनही फार सोयीची आहे, कारण मोठ्या एस या पर्यायापुढे वेग आणि मोठ्या एन या पर्यायाने फ्लो कंट्रोल बंद, असे दोन धागे हातात राहतात आणि बोर्ड पुन्हा सुरू न करता आकडे पालटून बघता येतात.

कायमच्या मांडणीसाठी मात्र डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडले आहे हे कर्नलला सांगणारी नोंदवही, वापरावी. २०१७ मध्ये लिनक्स ४.११ सोबत सर्डेव्ह ही व्यवस्था आली, आणि तेव्हापासून कर्नलमधला ड्रायव्हर सिरियल पोर्ट स्वतःच ताब्यात घेऊ शकतो. डिव्हाइस ट्रीमध्ये यूएआरटीच्या नोंदीच्या आत ब्लूटूथची उपनोंद करायची आणि त्यात मॅक्स-स्पीड या नावापुढे आकडा लिहायचा. पोर्टला आरटीएस-सीटीएस जोडलेले आहेत हे यूएआरटीच्या नोंदीत यूएआरटी-हॅज-आरटीएससीटीएस या शब्दाने सांगावे.

मॅक्स-स्पीड ही मर्यादा आहे, हे लक्षात ठेवावे. चिपला जमणारा वेग बोर्डाला किंवा प्रोसेसरला पेलत नसेल, तर 'याच्या वर जाऊ नकोस' असे सांगण्यासाठी ती नोंद आहे. दुसरी नोंद करंट-स्पीड. चिप सुरुवातीला कोणत्या वेगावर आहे हे ड्रायव्हरला कळण्याचा दुसरा मार्ग नसेल, उदाहरणार्थ बूटलोडरने तो आधीच बदलला असेल, तेव्हाच ती लिहायची. या दोन नोंदींची अदलाबदल फार जण करतात: करंट-स्पीडमध्ये ३०००००० लिहितात, ड्रायव्हर पहिलीच आज्ञा तीन दशलक्षांवर पाठवतो, आणि ११५२०० वर कान लावून बसलेल्या चिपेला काहीच ऐकू येत नाही. मॅक्स-स्पीड लिहिलीच नाही तर काय होईल ते त्या त्या ड्रायव्हरवर अवलंबून राहते, म्हणून ती स्पष्ट लिहिणे बरे.

रास्पबेरी पायच्या प्रणालीत डिव्हाइस ट्रीला हात न लावताही हे करता येते. कॉन्फिग फाइलमध्ये डीटीपॅरम या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह, मग केआरएनबीटी_बॉडरेट, पुन्हा बरोबरचे चिन्ह आणि आकडा, अशी एक ओळ लिहून बोर्ड पुन्हा सुरू करावा. कर्नल स्वतः ब्लूटूथ सुरू करत असेल तरच या ओळीला अर्थ आहे. नव्या आवृत्त्यांत तो करतो.

पहिल्या खेपेला थेट कमाल आकडा लिहू नये. आधी ११५२०० वर चिप बोलते आहे याची खात्री करावी, मग ९२१६००, मग वर. खालचा टप्पा पक्का असला की वर गेल्यावर बिघडलेली गोष्ट वेगाचीच आहे हे निश्चित राहते.

सहावी पायरी: बसले का ते पाहा

सर्डेव्हने पोर्ट ताब्यात घेतला की त्या पोर्टची नेहमीची फाइल डेव्ह फोल्डरात दिसतच नाही. अनेकांना वाटते की पोर्टच गेला. तो गेलेला नसतो, पण एसटीटीवाय आज्ञेने त्याचा वेग विचारता येत नाही, म्हणून दुसऱ्या वाटांनी पाहावे लागते.

पहिली वाट कर्नलचा लॉग. 'कमांड टीएक्स टाइमआउट' आणि सोबत एफसी१८ दिसले, तर चिपेने वेगबदलाच्या आज्ञेला उत्तर दिले नाही. 'फ्रेम रीअसेम्ब्ली फेल्ड' आणि कंसात उणे ८४ दिसले, तर वर सांगितलेली घसरण झाली आहे: ड्रायव्हरला पॅकेटच्या खुणेच्या जागी भलताच बाइट सापडला. दुसरी वाट बीटीमॉन, म्हणजे कर्नल आणि चिप यांच्यातला ब्लूटूथचा संवाद दाखवणारा प्रोग्राम. तो आधी चालू करून मग ब्लूटूथ सुरू केले की वरचे दहा बाइट आणि त्यांचे उत्तर डोळ्यांनी पाहता येते.

तिसरी वाट मला सर्वांत उपयोगी वाटते आणि तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. प्रॉक फोल्डरातील टीटीवाय, त्यातील ड्रायव्हर, या फोल्डरात प्रत्येक सिरियल ड्रायव्हरची एक फाइल असते. पायच्या मुख्य पोर्टसाठी तिचे नाव टीटीवायएएमए, त्यातली शेवटची तीन अक्षरे मोठी. रूट होऊन ती वाचली की पोर्टच्या ओळीत टीएक्स आणि आरएक्स यांपुढे गेलेल्या-आलेल्या बाइटांची संख्या दिसते, आणि चुका झाल्या असतील तरच पुढे एफई किंवा ओई ही अक्षरे येतात. एफई म्हणजे चौकट तुटली, म्हणजे दोन टोकांचे वेग जुळत नाहीत. दुसऱ्या पायरीतला भागाकार पुन्हा करा. ओई म्हणजे बाइट आला पण ठेवायला जागा नव्हती, म्हणजे वेग जुळला आहे पण 'थांब' सांगणारी तार काम करत नाही. तिसऱ्या पायरीकडे जा. स्पीकरवर दहा मिनिटे गाणे लावून ही ओळ आधी आणि नंतर वाचावी. दोन्ही वेळा एफई आणि ओई नसतील तर वेग बसला.

बोर्ड वीज न तोडता पुन्हा सुरू केल्यावरही ही तपासणी करावी. चिपेची वीज चालूच राहिली तर ती ३०००००० वरच बसून राहते, कर्नल मात्र नव्याने उठून ११५२०० वर हाक मारतो आणि प्रत्येक आज्ञा कालबाह्य होते. वीज काढून परत दिली की सगळे ठीक, म्हणून दोष सापडत नाही. यावर उपाय म्हणजे चिपेच्या बंद-चालू पिनेची नोंद डिव्हाइस ट्रीमध्ये शटडाउन-जीपीआयओज या नावाने करणे, म्हणजे ड्रायव्हर सुरुवातीलाच चिपेला एकदा बंद करून चालू करतो आणि ती पुन्हा ११५२०० वर येते.